मदत हवी आहे: ब्रेमेनमध्ये अडला हरी (सेमिस्टर एक्सचेंज, परीक्षेची नोंदणी, पुण्यातली हजेरी)

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजात मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या करारातून ऑक्टोबरपासून एका सत्रासाठी ब्रेमेनला आले आहे. (औंधच्या ब्रेमेन चौकातून आयुष्यभर ये-जा केली, पण हे जर्मनीतल्या गावाचं नाव आहे हे माझी निवड झाल्यावर कळलं.)

इथलं हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. लेक्चर फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपतात आणि परीक्षा त्यानंतर. आमचं पुढचं सत्र मात्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच सुरू होतं, वर ७५ टक्के हजेरीची अट. म्हणजे जवळपास दोन महिने मी एकाच वेळी दोन देशांत हजर असायला हवी. निघण्याआधी हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, मी तेव्हा थंडीचे थर्मल कपडे कुठून घ्यावेत याचे व्हिडिओ बघत होते.

त्यात मी स्वतः एक घोळ घातलाय. आपल्याकडे परीक्षेचा फॉर्म कॉलेज मागे लागून भरून घेतं: नोटीस, ग्रुपवर मेसेज, तरी नाही भरला तर शिपाईकाका वर्गात येऊन नाव पुकारतात. इथे विषयाला नाव नोंदवणं वेगळं आणि त्या विषयाच्या परीक्षेला नाव नोंदवणं वेगळं. मी पहिलं केलं, दर आठवड्याची गणितं सोडवून दिली आणि निर्धास्त राहिले. मेन्झात, म्हणजे इथल्या कँटीनमध्ये, उकडलेले बटाटे खाताना शेजारच्या मुलीनं सहज विचारलं, फ्लुइड मेकॅनिक्सच्या परीक्षेला रजिस्टर केलंस ना? मुदत संपून पाच दिवस झाले होते. पूर्ण सत्र ३० ईसीटीएसचं, म्हणजे युरोपातल्या क्रेडिटचं, असतं, मी सहा-सहाचे चार विषय मिळून २४ घेतले आहेत. त्यातला फ्लुइडचा गेला तर पुण्यात तो बॅकलॉग म्हणून लागणार.

आणि तिसरं. एका सेमिनारचा निकाल आला, २.३. इथे १.० सर्वांत वरचा, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. मी खुशीत विभागाला कळवलं. ऑफिसातून फोन आला, "बाळ, २.३ दहापैकी का?"

तर जाणकारांनो, मुदत टळल्यावर काही करता येतं का? हजेरीची सूट कुणी मिळवली आहे का, आणि अर्ज कुणाच्या नावे करायचा? त्या २.३ चं आपल्याकडे काय होतं?

घरी अजून काही सांगितलेलं नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (यातून महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते) दरमहा ९९२ युरोप्रमाणे सहा महिन्यांचे ५,९५२ युरो बाबांनी एफडी मोडून भरलेत. दुपारी चारला अंधार पडतो आणि मग हेच डोक्यात फिरत राहतं.

काल टाउन हॉलपाशी ब्रेमेनच्या लोककथेतल्या चार प्राण्यांच्या (गाढव, कुत्रा, मांजर, कोंबडा, एकावर एक उभे) पुतळ्याकडे गेले होते. खालच्या गाढवाचे पुढचे पाय धरून इच्छा मागितली की पुरी होते म्हणतात. पाय दोन्ही हातांनी धरायचे, एकाच हातानं धरला तर एक गाढव दुसऱ्याशी हस्तांदोलन करतंय असं इथले लोक म्हणतात. आपली म्हण यांना कुणी सांगितली कोण जाणे. मी दोन्ही हातांनी धरले.

उंटावरचा_शहाणा
मी आखेनला मास्टर्स केलं. नोंदणी नसताना परीक्षेला जाऊन बसू नकोस, पेपर तपासलाच जात नाही. उद्या सकाळी आधी इंटरनॅशनल ऑफिसमधल्या तुझ्या कोऑर्डिनेटरला गाठ, मग प्रूफुंग्सआम्टला, म्हणजे परीक्षा विभागाला. एक्सचेंजवाल्यांचं उशिरा आलेलं नाव कधीकधी घेतात. नाहीच घेतलं तर प्राध्यापकांना तोंडी परीक्षेचं विचार. सत्र संपण्याआधी परत जायचं आहे हे खरं कारण तुझ्याकडे आहे, तेच लिही. तीन ओळींचा मेल. आजारपण, नेट बंद होतं वगैरे पुणेरी कारणं नकोत. आणि होस्टेलचा करार बघ. ३१ मार्चपर्यंत असेल तर आधी गेलीस तरी भाडं चालू राहील, मधल्या काळासाठी कुणाला खोली देता येते का ते आत्ताच विचारून ठेव.

जुना_मास्तर
मी अशाच एका कॉलेजात शिकवतो, तेव्हा टेबलाच्या पलीकडून सांगतो. हजेरीचा अर्ज सत्र सुरू व्हायच्या आत पोचला पाहिजे. नंतर आला की त्याला आम्ही 'माफीचा अर्ज' म्हणतो आणि तसाच वागवतो. विभागप्रमुखांमार्फत डीन अकॅडेमिक्सना लिहा. निवडीचं पत्र, लर्निंग अ‍ॅग्रीमेंट (तिथे कोणते विषय घेणार याचा करार) आणि तिथल्या परीक्षांच्या तारखांचं पत्र जोडा. "रजा" हा शब्द कुठेही वापरू नका, कॉलेजनेच पाठवलंय.

मार्कांचं साधं त्रैराशिक आहे. १.० म्हणजे आपले १०, ४.० म्हणजे आपली पासाची रेघ. ती ४ धरली तर २.३ चे ७.४ होतात आणि १.७ चे ८.६. याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात, जर्मन विद्यापीठं आपल्या मुलांचे गुण याच सूत्रानं बदलून घेतात, तुम्ही ते उलटं फिरवायचं. मात्र गुणपत्रक यायच्या आधी हे सूत्र विभागाकडून लेखी मंजूर करून घ्या. आकडे हातात आल्यावर प्रत्येकाला आपापलं सूत्र सुचतं.

रानमेवा
बाबांना आजच फोन कर गं. भारतात आत्ता साडेचार तास पुढे आहे, जेवणं व्हायच्या आत कर.

धागाकर्ती
सर्वांचे आभार. @उंटावरचा_शहाणा, कोऑर्डिनेटरबाईंना भेटले. उशिराची नोंदणी साफ नाही म्हणाल्या, पण त्यांच्यासमोरच प्राध्यापकांना मेल लिहायला लावला. संध्याकाळी एका ओळीचं उत्तर आलं, "१८ फेब्रुवारी, सकाळी १०, तोंडी." @मास्तर, अर्ज विभागप्रमुखांना पाठवलाय, 'रजा' काढून टाकली. सूत्राबद्दल सर म्हणाले, बोर्ड ऑफ स्टडीजच्या, म्हणजे अभ्यासमंडळाच्या, बैठकीत ठेवतो.

बाबांना फोन केला. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "फ्लुइड मलाही दोनदा द्यावा लागला होता." हे आजवर घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आता नवीन प्रश्न. तोंडी परीक्षेत जर्मन प्राध्यापक नेमकं काय विचारतात? सूत्रांची सिद्धता की फळ्यावर आकृती काढायला लावतात? कुणी दिली असेल तर लिहा, परीक्षा इंग्रजीत आहे.