नाशिकच्या पीएच.डी. संशोधनाची मांडणी नाशिककरांसमोर, मराठीत, सक्तीची असावी का?

मूळ लेखन (निवृत्त प्राध्यापक, कॉलेज रोड)

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या आणि त्यानंतर २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी.ची अंतिम मौखिक परीक्षा, म्हणजे आपण जिला व्हायवा म्हणतो ती, बंद दाराआड घेतली जात नाही. विभागातील अध्यापक, इतर संशोधक विद्यार्थी आणि विषयात रस असलेले तज्ज्ञ यांना तिथे उपस्थित राहण्याची मुभा असते. प्रत्यक्षात बहुतेक व्हायवांना परीक्षक, गाईड, सोबतचे चार-दोन विद्यार्थी आणि उमेदवाराचे कुटुंबीय एवढेच असतात, आणि बाहेरचा माणूस आला तरी त्याने प्रश्न विचारावा अशी कोणाची अपेक्षा नसते. प्रबंध पुढे 'शोधगंगा' या संकेतस्थळावर जातो. तो बहुधा इंग्रजीत असतो, आणि ज्यांच्या माहितीवर तो उभा राहिला त्यांच्यापैकी फारच थोडे तिथपर्यंत पोचतात.

माझा प्रस्ताव असा आहे. नाशिक जिल्ह्यातील संशोधन केंद्रांत नोंदणी झालेल्या प्रत्येक पीएच.डी. विद्यार्थ्याने व्हायवानंतर आणि पदवीची अधिसूचना निघण्यापूर्वी आपल्या कामाची मराठीत, तासाभराची, जाहीर मांडणी करावी आणि उपस्थितांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत.

हे शहर त्यासाठी सर्वस्वी तयार आहे. येथील सार्वजनिक वाचनालय १८४० चे आहे. एचपीटी महाविद्यालय १९२४ पासून चालू आहे. गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेने शंभरी ओलांडली असून आजही मे महिन्याच्या उकाड्यात लोक संध्याकाळी देवमामलेदारांच्या पटांगणावर येऊन ऐकत बसतात. मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. पुणे विद्यापीठाचे उपकेंद्र आणि त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांतील संशोधन केंद्रे वेगळीच. इतकी विद्यापीठीय वस्ती असलेल्या गावात व्याख्यानमालेचा श्रोता आणि प्रबंधाचा लेखक एकमेकांना कधीही भेटत नाहीत, याचे मला मनापासून दुःख वाटते.

सर्वांत महत्त्वाचे कारण मात्र न्यायाचे आहे. द्राक्षबागायतदाराने प्रश्नावली भरून दिलेली असते, सुरगाण्यातील एखाद्या मातेने आपल्या बाळाचे वजन करू दिलेले असते, पंचवटीतील कुटुंबाने घरातील पाण्याचा नमुना दिलेला असतो. त्यातून निष्कर्ष काय निघाला हे त्यांना सांगणे ही मेहेरबानी समजली जाऊ नये. ते त्यांचे येणे आहे, आणि ते चुकते केल्याशिवाय संशोधन पूर्ण झाले असे मी मानत नाही.

प्रतिसाद (रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, नाशिक रोड)

सरांच्या तळमळीबद्दल आदर बाळगून मी या प्रस्तावाला स्पष्ट विरोध नोंदवते, आणि माझा विरोध मराठीला किंवा नाशिककरांना नसून सक्तीला आहे.

आपल्या व्यवस्थेत सक्तीचे काय होते हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापलेला असावा, अशी अट २००९ च्या नियमावलीने घातली. २०१६ मध्ये त्याच्या जोडीला दोन परिषदांतील सादरीकरणही आले. हेतू उत्तम होता. परिणाम असा झाला की पैसे घेऊन आठवड्याभरात लेख छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले, आणि एका दिवसात पन्नास जणांना प्रत्येकी पाच मिनिटे देऊन प्रमाणपत्रे वाटणाऱ्या 'राष्ट्रीय परिषदा' जागोजागी भरू लागल्या. बनावट नियतकालिकांना आवर घालण्यासाठी आयोगाला 'केअर' नावाची मान्य नियतकालिकांची यादी करावी लागली, २०२२ मध्ये छपाईची अटच काढावी लागली, आणि २०२५ मध्ये ती यादीही बंद करण्यात आली. एवढा सगळा खटाटोप झाल्यावर आपण आणखी एक सक्ती आणली, तर तिचीही तीच गत होईल. रिकाम्या सभागृहात अर्धा तास वाचन, चार छायाचित्रे, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलमध्ये एक अहवाल, आणि पुढच्या उमेदवाराला बोलावणे.

दुसरा मुद्दा विषयाचा आहे. माझी एक विद्यार्थिनी एका उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर काम करते. तिचे काम खरे आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार आणि क्षमता त्या विषयातील परीक्षकांकडे आहे. ते ती मराठीत समजावून सांगू शकेल, आणि सांगावेही; पण तिची पदवी त्यासाठी अडवून ठेवण्याचे कोणतेही समर्थन मला दिसत नाही.

प्रतिसाद (द्राक्षबागायतदार, कृषी पदवीधर, निफाड तालुका)

मॅडमचा अनुभव मी नाकारत नाही, पण आमच्या बाजूने गोष्ट कशी दिसते तेही सांगितले पाहिजे.

आमच्या शिवारात दरवर्षी विद्यार्थी येतात. मातीचे नमुने नेतात, पानांचे देठ नेतात, खर्चाचा हिशेब विचारतात, कर्ज किती आहे तेही विचारतात, आणि आम्ही ते सांगतो, कारण शिकणाऱ्या मुलाला नाही म्हणणे आमच्याकडे बरे समजले जात नाही. त्यानंतर त्या मुलाचा किंवा मुलीचा फोन सहसा येत नाही. वाईट वाटते ते एवढ्याचसाठी की आमच्याच मातीविषयी कोणाला तरी काहीतरी कळलेले असते आणि ते आम्हाला माहीत नसते.

२०१० चा हंगाम येथील जुन्या बागायतदारांना आजही आठवतो. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरून काडीत घड तयार व्हावेत म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आमच्या बोलण्यातले सीसीसी, सर्रास वापरले जात होते. त्याचे अंश द्राक्षांत सापडल्यामुळे युरोपात आपला माल अडकला आणि निर्यातीचा हंगाम विस्कटला. वेलीत हे रसायन किती काळ टिकते हा प्रश्न प्रयोगशाळेतील माणसाला सुटू शकतो, बागेतील माणसाला नाही. या दोघांना समोरासमोर बसवणारी जागा तेव्हा नव्हती आणि आजही पुरेशी नाही.

एक व्यावहारिक सूचना करतो. अशा सभा ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंतच्या काळात ठेवू नयेत, कारण त्या दिवसांत आम्हाला बाग सोडता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ठेवल्यास पिंपळगाव-ओझरकडील माणसे नक्की येतील.

प्रतिसाद (कृषी संशोधक, दिंडोरी)

दादा, तुमच्या तक्रारीतील नमुने नेऊन परत न येण्याचा भाग पूर्णपणे खरा आहे. पण २०१० चे उदाहरण या चर्चेत बसत नाही. तो प्रश्न आयात करणाऱ्या देशांच्या अंशमर्यादा, निर्यातीपूर्वीची तपासणी आणि शिफारशींची व्यवस्था यांचा होता. कोणी पीएच.डी. विद्यार्थी पटांगणावर बोलला असता तर माल अडकला नसता, असे म्हणता येणार नाही.

मला याहून मोठा धोका दिसतो. पीएच.डी.चे प्रयोग बहुधा एका-दोन ठिकाणी आणि दोन-तीन हंगाम चालतात. कृषी विद्यापीठांतील निष्कर्ष शेतकऱ्यांसाठी शिफारस म्हणून बाहेर पडण्यापूर्वी ते संयुक्त कृषी संशोधन समितीच्या, म्हणजे जॉइंट ॲग्रेस्कोच्या, बैठकीत मांडावे लागतात आणि तिथे ते अनेकदा परतही पाठवले जातात. ही चाळणी ओलांडण्याआधीच एखाद्या विद्यार्थ्याने 'अमुक मात्रेने साखर वाढली' असे भर सभेत सांगितले, तर दुसऱ्या दिवशी ती मात्रा मोबाइलवरून शंभर गावांत फिरेल. हलक्या जमिनीवरचा निष्कर्ष काळ्या जमिनीत वापरला गेला आणि नुकसान झाले, तर त्याची जबाबदारी कोणी घ्यायची? शेतकऱ्यापर्यंत ज्ञान नेण्यासाठी मुक्त विद्यापीठाच्या अखत्यारीतील कृषी विज्ञान केंद्र येथे आहे. ते बळकट करणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.

शिवाय ज्ञान पोचले की ते वापरले जाईलच, असेही नाही. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून किरणोत्सर्गाने प्रक्रिया करणारे भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'कृषक' केंद्र लासलगावला २००२ पासून आहे. ते डोळ्यांसमोर असूनही कांद्याची बहुतांश साठवण अजून कांदाचाळीतच होते, कारण प्रक्रियेनंतर लागणारी शीतसाठवण आणि तिचा खर्च हे प्रश्न आहेत. त्याच केंद्रातून २००७ मध्ये आंबा मात्र अमेरिकेला गेला. अडचण अर्थकारणाची असेल, तर भाषणाने ती दूर होत नाही.

प्रतिसाद (समाजशास्त्रातील संशोधक विद्यार्थिनी)

माझे क्षेत्रकाम पेठ आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील पाड्यांवर झाले आहे. मूळ लेखातील न्यायाचा मुद्दा मला मान्य आहे. जाहीर सभा मान्य नाही.

माझ्या मुलाखतींत स्थलांतर, उचल घेऊन केलेली मजुरी आणि वनहक्काचे प्रलंबित दावे यांविषयी लोक मोकळेपणाने बोलले, कारण नाव आणि गाव उघड होणार नाही असा शब्द मी त्यांना दिला होता. प्रबंधात तो पाळणे शक्य असते. सभेत मात्र समोरून कोणीतरी विचारणारच की हा कोणता पाडा, हा मुकादम कोण. मी उत्तर दिले नाही तरी माझ्या वर्णनावरून ओळख पटू शकते, आणि त्याची किंमत मी नव्हे, तर मला घरात घेणारी बाई मोजेल.

दुसरी गोष्ट जड मनाने लिहिते. जात, धर्म किंवा येऊ घातलेल्या सिंहस्थाचे नियोजन यांवर संशोधन करणाऱ्या मुलीला पदवी हातात पडण्यापूर्वी जमावासमोर उभे राहावे लागणार असेल, तर तिचा गाईड नोंदणीच्या दिवशीच तिला सौम्य विषय सुचवील. कोणते विषय आले नाहीत हे पुढे कोणाला कळणारही नाही. आमची पिढी आधीच पुष्कळ जपून विषय निवडते.

पाड्यावर परत जाऊन, तिथल्याच लोकांत बसून, त्यांच्या बोलीत निष्कर्ष सांगणे हे मी केले आहे आणि दोन ठिकाणी लोकांनी माझी मांडणी दुरुस्तही केली. तो संवाद सक्तीचा करा. मी पहिली सही करीन.

प्रतिसाद (वैद्यकीय अध्यापक)

एमडी आणि एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. ही मागणी उद्या तिथपर्यंत आणायची ठरल्यास सभागृहे पुरणार नाहीत, आणि रुग्णांच्या माहितीबाबतचे निर्णय संशोधनाच्या नैतिकता समितीशिवाय (एथिक्स कमिटी) घेता येणार नाहीत. प्रस्ताव पीएच.डी.पुरताच ठेवावा.

प्रतिसाद (ग्रंथालय कार्यकर्ते, जुने नाशिक)

मी अनेक वर्षे व्याख्यानांच्या संयोजनात मदत करतो, त्यामुळे श्रोत्यांविषयीची भीती मला थोडी अतिरंजित वाटते. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेणे, अध्यक्षांनी ते निवडणे, व्यक्तीची ओळख विचारणारा प्रश्न बाजूला ठेवणे, या पद्धती आपल्याकडे रुळलेल्या आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी डॉ. जयंत नारळीकर होते. खगोलभौतिकी आयुष्यभर मराठीत समजावून सांगणाऱ्या शास्त्रज्ञाला अध्यक्ष निवडणारा समाज उत्प्रेरकाविषयी ऐकून घेणार नाही, असे प्राध्यापिका मॅडमनी गृहीत धरू नये.

नेदरलँड्समध्ये पीएच.डी.चे अंतिम समर्थन जाहीर समारंभात होते आणि बहुतेक वेळा त्याआधी उमेदवार घरच्यांना, मित्रांना कळेल अशा भाषेत आपले काम सांगतो. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२२ मध्ये वैज्ञानिक सामाजिक दायित्वाची मार्गदर्शक तत्त्वे काढली असून त्यांत वैज्ञानिकांनी वर्षाला किमान दहा दिवस समाजासाठी द्यावेत असे म्हटले आहे. म्हणजे ही कल्पना नाशिकच्या कोणा एकाच्या डोक्यातून निघालेली नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

सर्व प्रतिसाद काळजीपूर्वक वाचले. समाजशास्त्राच्या संशोधक ताईंचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो आणि त्यासाठी प्रस्तावाची रचनाच बदलायला हवी. बंधन विद्यार्थ्यावर न ठेवता संशोधन केंद्रावर आणि गाईडवर ठेवावे. नियमाप्रमाणे एका प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. म्हणजे प्रत्येक गाईडला काही वर्षांतून अशा मोजक्याच सभा घ्याव्या लागतील. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्याकडे परत जाणे सर्वांना सक्तीचे असावे. शहरातील जाहीर सभा मात्र नैतिकता समितीने हरकत नसल्याचे लिहून दिल्यावरच व्हावी.

कृषी संशोधकांना एवढेच विचारतो की निष्कर्ष कच्चा आहे हे शेतकऱ्याला सांगण्याची सवय आपण का लावू नये? 'हे एकाच जमिनीवर पाहिले आहे, अजून शिफारस झालेली नाही' हे वाक्य सभेत उच्चारले गेले, तर ते ऐकणारा बागायतदार दुकानदाराच्या सल्ल्याकडेही अधिक चौकसपणे पाहील. आज त्याच्यापर्यंत कच्चे निष्कर्ष पोचत नाहीत असे नाही. ते जाहिरातीच्या वेष्टनात, मर्यादा सांगितल्याशिवाय पोचतात.

सक्ती पोकळ होते, या मॅडमच्या मुद्द्याला माझे उत्तर असे : विकत छापलेला लेख कोणी वाचत नव्हता म्हणून तो खपला. येथे विचारलेले प्रश्न आणि दिलेली उत्तरे लिहून घेऊन प्रबंधासोबत जाहीर ठेवली, तर रिकामी सभा रिकामी म्हणून दिसेल.

प्रतिसाद (रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, नाशिक रोड)

बंधन गाईडवर आणणे हा बदल स्वागतार्ह आहे, आणि तो माझ्यावरही येतो हे मी समजून बोलते. तरीही पदवीच्या अधिसूचनेशी त्याचा संबंध जोडण्यास माझा विरोध कायम आहे. गाईडने दिरंगाई केली तर नोकरीच्या मुलाखतीला निघालेली मुलगी अडकेल, आणि आपल्या महाविद्यालयांत गाईडविरुद्ध तक्रार करणे किती कठीण असते हे येथे प्रत्येकाला माहीत आहे.

मी यावर मान्यता देऊ शकते : प्रत्येक प्रबंधाला चार पानांचा मराठी सारांश जोडावा, तो गाईडने वाचून सही करावी, परिभाषेसाठी विद्यापीठाने साहाय्य द्यावे, आणि जिल्ह्यातील माणसांकडून किंवा त्यांच्या शेतातून माहिती घेतलेल्या विषयांपासून सुरुवात करावी. सभेचा खर्च केंद्राने करावा, विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीतून नव्हे. ग्रंथालयाचे कार्यकर्ते जागा मिळवून देणार असतील, तर माझ्या विद्यार्थिनीला येत्या जुलैमध्ये स्वेच्छेने बोलण्याविषयी मी विचारते. तिने नकार दिला तर तो नकार मान्य केला जाईल, एवढे मूळ लेखकांनी येथे लिहून द्यावे.