आमवात: सोनोग्राफीत डॉप्लर शून्य, तरी पकड इतकी कमी का?

प्रश्न · हस्तपुनर्वसन
आमवाताच्या पेशंटच्या हातांच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट समोर आहे. मनगट, एमसीपी २ ते ५ (तर्जनी ते करंगळीचे मुळाचे सांधे) आणि पीआयपी (बोटांचे मधले सांधे): ग्रे-स्केल (कृष्णधवल चित्रात दिसणारी सूज) बहुतेक ग्रेड १ म्हणजे सौम्य, पॉवर डॉप्लर (सुजेतला रक्तप्रवाह दाखवणारा रंग) सगळीकडे शून्य. शेरा: 'आजार शांत'. जामारवर (पकड मोजायचं उपकरण) उजवी पकड १२ किलो, डावी २०. मूठ पूर्ण मिटत नाही, सकाळी मधलं बोट अडकतं. पुन्हा स्कॅन करायचा तर नेमकं काय मागू?

उत्तर · प्रोबधारी
रिपोर्टमध्ये टेंडनचा उल्लेखच नाही, पहिली शंका तिथेच. मूठ आवळतात फ्लेक्सर टेंडन, म्हणजे बोटं वाकवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या. त्यांच्या आवरणात सूज असली तर सांधे स्वच्छ दिसूनही पकड जाते. तळहात वर करून एमसीपीच्या थोडं अलीकडून, मनगटाच्या बाजूला, आडवा स्कॅन घ्यायला सांगा. टेंडनभोवती काळं कडं दिसलं तर ते उभ्या छेदातही दिसलं पाहिजे. प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा त्वचेवर फिरवायचा भाग) जरा तिरका झाला की टेंडन स्वतःच काळा पडतो, म्हणून प्रोब हलकेच कलवून बघायचं. कलवल्यावर उजळला तर तो अॅनिसोट्रॉपीचा भास. मग उभ्या छेदात बोट मिटायला-उघडायला लावा, ए१ पुलीपाशी (बोटाच्या मुळाशी टेंडनला धरून ठेवणारा पट्टा) टेंडन गोळा होऊन अडकताना थेट दिसतो. स्थिर फोटोत हे कधीच सापडणार नाही.
त्याआधी तुम्ही स्वतः तपासा: बोट तुम्ही वाकवलं की पुरतं वाकतं, पण पेशंटला जमत नाही? मग टेंडन बघा. दोन्ही प्रकारे अडतं? मग सांधा आधी.

उत्तर · ग्रे-स्केल
डॉप्लरच्या शून्यावर लगेच विश्वास नको. प्रोब दाबला की बारीक रक्तवाहिन्या चेपतात आणि रंग जातो. त्वचा आणि प्रोब यांच्यामध्ये जेलचा थर स्क्रीनवर दिसायलाच हवा. हात टेबलावर सैल, बोटं किंचित वाकलेली. थंडगार हातात रंग कमी उमटतो. यंत्रावर पीआरएफ (ध्वनिस्पंद पाठवण्याचा वेग) साधारण ०.५ ते १ किलोहर्ट्झ, वॉल फिल्टर (संथ प्रवाह गाळून टाकणारी सेटिंग) सर्वांत कमी. गेन (संकेताची तीव्रता) खोटे ठिपके येईपर्यंत वाढवून ते जेमतेम जातील इतपत खाली. वेदनाशामक सुरू असतील तर तेही रिपोर्टवर हवं. ग्रे-स्केल ग्रेड १ निरोगी हातातही दिसते, तिच्यावर फार भार टाकू नका.

उत्तर · प्रोबधारी
इरोजन (आजाराने हाड कुरतडलं जाणं) म्हणायचं तर हाडाच्या पृष्ठभागाची तूट दोन्ही छेदांत हवी. मेटाकार्पलच्या (तळहाताच्या हाडाच्या) डोक्यामागची नैसर्गिक खाच हमखास फसवते. एमसीपी २ ची अंगठ्याकडची आणि एमसीपी ५ ची बाहेरची बाजू सोडू नका. ३ आणि ४ च्या बाजू शेजारच्या बोटांमुळे नीट दिसत नाहीत, त्यामुळे तिथलं 'इरोजन नाही' अर्धंच खरं.

प्रश्न · हस्तपुनर्वसन
आणि बोटं बधिर होत असतील तर?

उत्तर · ग्रे-स्केल
कार्पल टनेलच्या (मनगटातल्या अरुंद बोगद्याच्या) तोंडाशी, त्यातून बोटांकडे जाणाऱ्या मीडियन नर्व्हचं छेदाचं क्षेत्रफळ मोजायला सांगा. १० चौरस मिलिमीटरच्या पुढे गेलं तर दाबाचा संशय धरतात. पकड मात्र स्कॅनच्याच दिवशी, शक्यतो त्याच वेळी मोजा: कोपर ९० अंशांत, हँडल दुसऱ्या खाचेत, तीनदा घेऊन सरासरी. सकाळचा आकडा दुपारच्या स्कॅनला जोडण्यात अर्थ नाही. आणि अंगठ्याचं टोक किंवा करंगळी एकाएकी हलेनाशी झाली तर पुढच्या स्कॅनची वाट बघू नका. टेंडन तुटलेला असू शकतो, लगेच हँड सर्जनला दाखवा.