फुटबॉल क्लबचा मालक गावातलाच हवा की अरब, अमेरिकन पण चालतोय?

टिळकवाडी_लेफ्ट_विंग
२०२५ च्या दिवाळीत, ऐन पाडव्याला, घरच्यांच्या शिव्या खाऊन आम्ही पाच जण चोर्ला घाटातनं फातोर्ड्याला गेलतो, एफसी गोवा विरुद्ध अल नस्र. रोनाल्डो येणार म्हणून आधी किती हवा आणि तो आलाच नाही. आपल्या ब्रिसननं गोल मारला एवढंच समाधान, मॅच २-१ नं गेली. येताना घाटात गाडीत जे भांडण पेटलं ते अजून विझलं नाही म्हणून इथं टाकालोय.

अल नस्रचे ७५ टक्के सौदी सरकारच्या फंडाकडं, आणि तोच फंड तिकडं न्यूकॅसलचा मालक. म्हणजे एका देशाची तिजोरी दोन खंडात दोन क्लब खेळवालीय. मला हे पटत नाही. माझं म्हणणं साधं आहे, क्लब हरला की दुसऱ्या दिवशी मालक गावात कुठंतरी दिसला पाहिजे, भाजी घेताना चार लोकांनी अडवून विचारलं पाहिजे की काय ओ, सेंटर बॅक कधी घेणार?

अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाचं बघा. २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेड घेतला तो बराचसा कर्ज काढून आणि ते कर्ज टाकलं क्लबच्याच डोक्यावर. मी तुमचं घर घेतो, लोन तुमच्या नावावर, हप्ते पण तुम्हीच भरा, असला प्रकार. काही फॅन्स इतके वैतागले की त्याच वर्षी त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर म्हणून वेगळा क्लबच काढला. आणि चेल्सी, २००३ ला रशियाचा अब्रामोविच आला, कप आले, मान्य. पण २०२२ ला युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, मालकावर निर्बंध आले, आणि क्लबला नवी तिकिटं विकता येईनात, स्वतःच्या दुकानातला टीशर्ट विकता येईना. युद्ध कुठं, भोगतोय कोण!

अनगोळचा_गोली
अरे मर्दा, भाजी घेणारा मालक म्हणे. न्यूकॅसलला सौदीच्या आधी १४ वर्षं कोण होता? माइक ॲशली, अस्सल इंग्रज. स्टेडियमचं नाव काढून स्वतःच्या दुकानाचं नाव लावलं होतं त्यानं, लोक रस्त्यावर उतरले तरी ढिम्म. २०२१ ला सौदी आले, मार्च २०२५ ला लिव्हरपूलला हरवून लीग कप घेतला, देशातली मोठी ट्रॉफी १९५५ नंतर पहिल्यांदा, म्हणजे ७० वर्षांनी. ज्याचा आजा पण कप न बघता गेला त्याला जाऊन सांग की पैसा कुठनं आला ते बघ, जोड्यानं मारेल.

आणि बरी एफसीचं काय? १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला, २०१९ ला लीगमधनं हाकलला. मालक इंग्रजच होता, एका पौंडाला घेतलेला. भेटला असेल की बाजारात, काय उपयोग झाला?

खानापूर_मेल
तुम्ही दोघं परदेशी परदेशी करालाय पण ब्लॅकबर्नला जाऊन विचारा, तिथं परदेशी मालक म्हणजे आपण! पुण्याच्या वेंकीजनं २०१० मध्ये घेतला तो क्लब. पहिल्याच डिसेंबरात मॅनेजर काढला, २०१२ ला टीम प्रीमियर लीगमधनं खाली, त्या मॅचला तर प्रेक्षकांनी क्लबचं फडकं गुंडाळून जिवंत कोंबडीच मैदानात सोडली. मी तेव्हा व्हिडिओ बघून हसलोय, खोटं कशाला बोलू, पण हसता हसता जरा लाजच वाटली. २०१७ ला तर तिसऱ्या डिव्हिजनला जाऊन आले. हजारो मैलांवर बसून क्लब चालवणं म्हणजे हुबळीत बसून बेळगावातली खानावळ चालवण्यासारखं, आमटी खारट झाली ते कळेस्तोवर गिऱ्हाईक गेलेलं असतंय.

तरी एक न्यायाचं बोलू, पळून नाही गेले ते. तोट्यातला क्लब आणि दरवर्षी पैसे घालालेत, मध्यंतरी तर इथनं पैसे पाठवायला दिल्ली हायकोर्टाची परवानगी लागत होती.

टिळकवाडी_लेफ्ट_विंग
@खानापूर_मेल माझंच म्हणणं तुम्ही सांगितलंत मामा. १९९५ ला ब्लॅकबर्नला चॅम्पियन कुणी केलं? जॅक वॉकर, गावातलाच पोलादवाला, लहानपणापासनं त्याच क्लबचा फॅन. गावचा माणूस होता म्हणून झालं.

अनगोळचा_गोली
गावचा होता म्हणून नाही, श्रीमंत होता म्हणून झालं. त्यानं काय भजन करून जिंकली लीग? पैसा ओतला, शिअररला आणला. तेच अबू धाबीनं २००८ पासनं मँचेस्टर सिटीत केलं की लगेच पाप.

आणि लेस्टर विसरलास. थायलंडचा विचाई, मॅच संपली की स्टेडियममधनंच हेलिकॉप्टरनं उडणारा माणूस, याला कोण भाजी घेताना अडवणार? पण २०१६ ला लीग जिंकून दिली, बुकी लोक ५००० ला १ भाव देत होते तेव्हा. २०१८ ला तेच हेलिकॉप्टर स्टेडियमच्या बाहेर पडलं आणि तो गेला, तेव्हा सगळं गाव फुलं घेऊन आलं. पुतळा आहे आता तिथं त्याचा.

टिळकवाडी_लेफ्ट_विंग
विचाईला मी पण मानतो. पण मग पुढं? पोरगा बसला गादीवर, २०२३ ला खाली गेले, वर आले, २०२५ ला परत खाली. एका माणसाच्या चांगुलपणावर क्लब टांगायचा का?

निपाणी_नाका
आमच्याकडनं कोल्हापूर तासाभरावर, त्यामुळं माझं शाहू स्टेडियमवर जास्त येणंजाणं. तिथं मालक हा प्रकारच नाही, तालमी आहेत, पेठा आहेत. पाटाकडीलचा माणूस मरेपर्यंत पाटाकडीलचाच. आणि आफ्रिकेतनं आणलेली पोरं खेळतात तिथं, पेठेतली बाई त्यांना तांबडा-पांढरा वाढते, कुणी परदेशी म्हणत नाही. खेळाडू बाहेरचा चालतो हो, चावी बाहेर जाऊ नये.

जर्मनीत हेच नियमात बसवलंय. ५०+१, म्हणजे निम्म्याच्या वर मतं सभासदांकडं, लेव्हरकुसेनसारखे एकदोन अपवाद सोडले तर. २०२३-२४ च्या सीझनला लीगच्या धंद्यात बाहेरचा गुंतवणूकदार घ्यायचा घाट घातला तर फॅन्सनी मैदानात टेनिस बॉल फेकून फेकून मॅचेस थांबवल्या, फेब्रुवारीत तो बेत गुंडाळायला लागला.

अनगोळचा_गोली
आणि त्या जर्मनीत बायर्न लागोपाठ ११ वेळा चॅम्पियन, २०१३ ते २०२३. सभासदांची लोकशाही म्हणायची आणि निकाल ऑगस्टलाच लागलेला. बार्सिलोना पण सभासदांचाच की, २०२१ ला एक अब्ज युरोच्या वर कर्ज आणि मेस्सी रडत रडत गेला. तिथं कुठला शेख होता?

कॅम्प_कट्टा
युरोपचं काय घेऊन बसलाय, आपलं बघा. मँचेस्टर सिटीवाल्या सिटी ग्रुपनं २०१९ ला मुंबई सिटीचे ६५ टक्के घेतले, कप जिंकले आणि २०२५ च्या शेवटी आपल्या आयएसएल लीगचंच ठिकाण नाही म्हटल्यावर अंग काढून घेतलं. पण देशी मालकांनी काय वेगळं केलं? मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० ला बंद, पंजाबचा जेसीटी पुढच्याच वर्षी. शेजारच्या गोव्यात २०१६ ला साळगावकर, स्पोर्टिंग, धेंपो हे क्लब आय-लीग या राष्ट्रीय लीगमधनं बाहेर. धंद्यात परवडेना की जो तो निघतोय, पासपोर्ट कुठला का असेना.

वडगाव_मिडफिल्डर
इतका वेळ वाचालेय. तुमचं देशी-परदेशी बाजूला ठेवा, आमचं ऐका. आमच्या गल्लीच्या टीमला सहा वर्षांखाली एका बिल्डरनं किट दिलं, बूट, जर्सी, गोव्याला स्पर्धेला जायला गाडी, सगळं. माणूस इथलाच, आमच्या गणपतीला वर्गणी देणारा, विंगभाऊच्या भाषेत बाजारात भेटणारा. दुसऱ्या वर्षी जर्सीवर त्याच्या स्कीमचं नाव छातीभर. तिसऱ्या वर्षी टीमचंच नाव बदललं, आजोबांच्या पिढीनं ठेवलेलं नाव गेलं. भगव्या-काळ्या पट्ट्या गेल्या, त्याच्या ऑफिसचा निळा रंग आला. कोण काय बोलणार, रोज घरासमोरनं जातोय माणूस, उलट ओळखीचा म्हणूनच तोंड उघडता येईना.

कार्डिफला मलेशियाच्या मालकानं २०१२ ला हेच केलं, निळा क्लब लाल करून टाकला. पण तिथले लोक भांडले आणि २०१५ ला निळा परत मिळवला. आता तर इंग्लंडनं २०२५ ला कायदाच केलाय, स्वतंत्र रेग्युलेटर, बोधचिन्ह आणि जर्सीचा रंग बदलायचा तर फॅन्सचा कौल घ्यायचा, ग्राउंड विकायचं तर आधी परवानगी काढायची. मला असलं कुलूप हवंय. मग मालक पुण्याचा असू दे नाहीतर रियाधचा.

टिळकवाडी_लेफ्ट_विंग
ताई, हे माहीत नव्हतं. मला अजून वाटतं बाहेरच्याला कुलूप लावलं तरी किल्ली तोच विकत घेणार, पण बिल्डरचं ऐकून जरा गप्प झालोय. मग तुम्ही जुनं नाव परत घेतलं का नाही?

वडगाव_मिडफिल्डर
नाही. मीटिंगमध्ये विषय निघाला होता, सगळे हो म्हणाले. मग कुणीतरी विचारलं, पुढच्या सीझनचे बूट कोण देणार?