पॉवर सप्लाय बदलल्यावर पीसी चालू होत नाही, हार्डडिस्क गेली का? मदत हवी आहे

चिपळूणकर:
काल संध्याकाळी पॉवर सप्लाय बदलला, तेव्हापासून पीसी चालू होत नाही. बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा फिरतो आणि सगळं गप्प. पहिल्यांदा दाबलं तेव्हा जळका वास आला होता. हार्डडिस्कवर आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची रेकॉर्डिंग आहेत. दुसरी प्रत नाही, आणि आजीही आता नाही. काय जळलंय हे घरी कसं ओळखायचं? लवकर सांगा, रात्रभर झोप नाही.

मुळशीचा:
कुठला सप्लाय, किती वॅट? रॅम काढून पुन्हा बसवा, निम्म्या वेळा तेच असतं.

गौरी_पी:
जळका वास आला म्हणतायत, त्यात रॅमचा काय संबंध? वास कुठून आला ते सांगा आधी. आणि डिस्क सोडवून पीसी चालू करून पाहिलात का?

चिपळूणकर:
वास डिस्कच्या बाजूने. आत्ता डिस्क सोडवली तर पीसी चालू झाला! विंडोज मदरबोर्डवरच बसवलेल्या छोट्या एम डॉट टू एसएसडीवर (वेगळ्या साठवणीवर) आहे, ते नीट आहे. रॅमही काढून बसवली होती, काही फरक नव्हता.

बाबाकाका:
आमच्याकडे लाइट सारखी येते-जाते. मी २ वर्षांपूर्वी स्टॅबिलायझर बसवला, एकदाही त्रास नाही. तोच घ्या.

सोल्डरवाला:
काका, हे लाइटचं नाही. धागाकर्ते, साटाची (म्हणजे डिस्कला वीज देणारी) पॉवर केबल नव्या खोक्यातली लावलीत की जुनीच ठेवलीत?

चिपळूणकर:
जुनीच. कॅबिनेटच्या मागून ओढून बांधलेली होती, म्हणून फक्त सप्लायकडचं टोक बदललं. खटकन बसलं. कंपनीही तीच आहे.

सोल्डरवाला:
तिथेच घात झाला. डिस्ककडचं १५ पिनांचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण सप्लायकडच्या टोकाला कुठलंही प्रमाण नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही पिना वेगळ्या असू शकतात. तुमच्या ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट गेले असणार. ती केबल आधी काढून टाका.

आता डिस्कच्या हिरव्या बोर्डावर पॉवरच्या टोकाजवळ दोन काळे चौकोनी डायोड शोधा. एक ५ व्होल्टचा, एक १२ चा. बोर्ड उलटा बसवलेला असेल तर टॉर्क्स (चांदणीसारख्या खाचेचे) स्क्रू खोलून तेवढा बोर्ड काढा, वरचं धातूचं झाकण अजिबात उघडू नका. डिस्क कशालाही न जोडता मल्टिमीटर दोन्ही डायोडांवर लावा. जास्त व्होल्टेज आलं की हा डायोड स्वतः शॉर्ट होतो, म्हणजे वीज आरपार जाऊ देतो, आणि बाकी बोर्ड वाचवतो. म्हणूनच सप्लाय अर्ध्या फेऱ्यात बंद पडतोय.

मुळशीचा:
एवढं कशाला? त्याच मॉडेलचा बोर्ड आणून लावा, चालेल. मी २०११ ला केलंय.

सोल्डरवाला:
२०११ ला नशीब होतं. बोर्डावर ८ पायांची एक चिप असते, त्यात त्याच डिस्कची माहिती असते. ती चिप हलवल्याशिवाय नवा बोर्ड बहुतेक चालत नाही.

गौरी_पी:
अवांतर: ओव्या गोळा करण्याचं मोठं काम हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी केलं, १ लाखाहून जास्त ओव्या. तुमच्या आजींच्याही कुठेतरी जपून ठेवा.

चिपळूणकर:
नक्की. मोजलं: ५ व्होल्टच्या डायोडवर ०.४ ओहम, मीटर सतत ओरडतोय. १२ च्यावर काही नाही. आता?

सोल्डरवाला:
उत्तम बातमी, म्हणजे ५ व्होल्टचा डायोड शॉर्ट झालाय. तो एकच डायोड काढा. डिस्क त्याच्याविना चालते, फक्त पुन्हा चूक झाली तर वाचवणारं कुणी नाही. तुमचा हात सोल्डरिंगला बसलेला नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून गरम हवेने काढून घ्या. तरीही डिस्क फिरली नाही, तर मोटर चालवणारी चिप गेली असेल. मग घरी काही करू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. फिरली तर सगळ्यात आधी कॉपी.

बाबाकाका:
स्टॅबिलायझर तरीही घ्याच.

चिपळूणकर:
दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत काढून दिला. नव्या खोक्यातली केबल लावली. डिस्क फिरतेय, फोल्डर दिसतोय, कॉपी चालू आहे. पहिलीच फाइल उघडली, जात्याचा आवाज येतोय. सोल्डरवाला, तुमचे आभार कसे मानू.