जाताना साडेपाच तास, येताना चोवीस? (मुंबई–नेवार्क)

कॉलेजरोडची_मावशी
लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेय. थेट विमान आहे. ९ जानेवारीला रात्री दीडला मुंबईहून सुटतं आणि त्याच दिवशी सकाळी ७ ला नेवार्कला पोचतं. परत येताना १२ एप्रिलला दुपारी साडेबाराला निघून १३ ला दुपारी साडेबाराला मुंबईत. आमच्या ह्यांनी सरळ वजाबाकी केली आणि आमच्या नाशिकच्या गोदाघाटावर फिरायला येणाऱ्या झाडून सगळ्यांना सांगून आले, "साडेपाच तासांत अमेरिका! पुण्याला जायला तेवढे लागतात." मग येताना चोवीस का, यावर गप्प. खरे तास किती, अंतर किती? गुडघे दुखतात म्हणून विचारतेय. आणि घरून निघू कधी?

ओझरकर
मावशी, तिकिटावरची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. जानेवारीत नेवार्क आपल्या साडेदहा तास मागे. साडेपाचात ते मिळवा, झाले १६. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात, त्यामुळे एप्रिलात फरक साडेनऊचा. चोवीसातून तो काढला की साडेचौदा. मधला दीड तास मुख्यतः वाऱ्याचा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर.
अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर मोजू नका, फसाल. पृथ्वीगोल असेल तर दोरा ताणून बघा.

कॉलेजरोडची_मावशी
धाकट्याच्या शाळेतला गोल माळ्यावरून काढला. ह्यांनी मुंबईवर शिवणाचा दोरा अंगठ्याने दाबून धरला, मी नेवार्ककडून ताणला. मला वाटलं अरबस्तानावरून जाईल. तो आपला सरकत सरकत वरच चढला! रशिया, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचं खालचं टोक, मग कॅनडावरून खाली. हे म्हणाले, दोरा घसरला. तीनदा ताणला, तीनदा तिथेच.

सातपूरवाला
दोरा बरोबर आहे, पण विमान अगदी त्याच्यावरूनच जाईल असं नाही. वारा बघतात, बंद आकाश टाळतात. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हापासून आपल्या कंपन्यांना वळसा पडू लागला. गुडघ्यांसाठी १६ तासच धरा. पॅसेजकडेची सीट मागा, म्हणजे कुणाला न उठवता फेऱ्या मारता येतील.
रात्री साडेदहाला मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ वर हवं. इगतपुरीला समृद्धी महामार्गावर चढून आमणे गावापर्यंत गेलात की कसारा घाट टळतो, पण पुढे भिवंडी-ठाणे काही टळत नाही. संध्याकाळी ५ ला घर सोडा. आणि मावशी, रात्री दीड म्हणजे ८ तारखेच्या संध्याकाळी हं, ९ च्या नाही.

कॉलेजरोडची_मावशी
अगंबाई! ह्यांनी गाडी ९ ची सांगितलीय. थांबा, ड्रायव्हरला फोन लावते.