पाढे कुठवर पाठ हवेत? तुमचा अनुभव लिहा

लेक तिसरीत. शाळा म्हणते दहापर्यंत पुरे. सासरे रोज दिवेलागणीला तिला एकोणतीसच्या पाढ्याला बसवतात, ती रडकुंडीला येते. तुमच्यापैकी ज्यांनी तीसपर्यंत घोकले, त्यांना पुढे उपयोग झाला का?

*

आमचं लातूरला कापडाचं दुकान. वडील तीसवर थांबलेच नव्हते. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, हे पाव-अर्धा-सव्वा अशा अपूर्णांकांचे पाढेही सगळे तोंडपाठ. (औट म्हणजे साडेतीन, हे मला फार उशिरा कळलं. 'औट घटकेचा राजा' मात्र लहानपणापासून म्हणत होतो.) गिऱ्हाईक म्हणायचं, १८० च्या भावाने सव्वादोन मीटर. मी कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत यांचं '४०५' म्हणून कापड फाडून झालेलं असायचं. मी वीसपर्यंतच शिकलो. दुकान चालतंय. पण चुकीचं बटण दाबून ४०५० आले की लगेच खटकतं, तेवढी त्या वीसची कृपा.

*

सतरा आठे छत्तीसासे. चौथीत इथेच अडलो आणि हातावर पट्टी बसली. 'छत्तीसासे' म्हणजे एकशे छत्तीस, हे कुणी सांगितलंच नव्हतं! मला वाटायचं, मंत्र आहे.

*

झेडपी शाळेत शिकवते. वरच्यांचं खरं आहे. मुलं 'बारा नव्वे अठ्ठोदरसे' झोकात म्हणतात, लिहायला सांगितलं की १०८ ऐवजी ८०० लिहितात. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' आलं तेव्हा लोक हसले, पण एकोणऐंशी-एकोणनव्वदचा घोळ माझ्या वर्गात रोजचा. मी दहापर्यंत चिंचोके मांडून पाठ करून घेते, वीसपर्यंत सवडीने. त्यापुढे युक्ती. एकोणतीस सक? तीस सक एकशे ऐंशी, त्यातून सहा काढा.

*

इंग्लंडमधून. इथं आठ-नऊ वर्षांच्या पोरांची २०२२ पासून सक्तीची चाचणी असते: २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद, १२ × १२ पर्यंत. बाराच का, तर जुना शिलिंग बारा पेन्सचा, जसा आपला रुपया सोळा आण्यांचा. मुलगा मुकाट्याने बटणं दाबतो. मी शेजारी बसून 'बारा सत्ते चौऱ्याऐंशी' पुटपुटले, तर म्हणाला, "आई, गाऊ नकोस ना."

*

धागा काढणारी परत आले. सासऱ्यांना तीसमधून काढायची युक्ती सांगितली. "ही लबाडी झाली," म्हणाले. रात्री मी पाणी प्यायला उठले तर ते ओसरीवर एकटेच पुटपुटत होते: एकोणतीस नव्वे... दोनशे सत्तर... त्यातून नऊ...