मदत हवी आहे: 'चॉर्टल'ची फोड खुद्द कॅरलने केली होती का?

इंग्रजी शब्दांच्या उगमावर एक टिपण लिहितोय आणि 'चॉर्टल'पाशी गाडी अडली आहे. अर्थाबद्दल शंका नाही: खूश होऊन घशातल्या घशात, मधूनच नाकातून फुर्रकन हसणं. हा शब्द 'अॅलिस'च्या गोष्टी लिहिणाऱ्या लुईस कॅरलने घडवला आणि 'थ्रू द लुकिंग-ग्लास'मधल्या (1871) 'जॅबरवॉकी' कवितेत तो आला, इथवरही ठीक.

पण जिथे पाहावं तिथे 'चकल' (गालातल्या गालात हसणं) अधिक 'स्नॉर्ट' (नाकातून फुरफुरणं) ही फोड इतक्या छातीठोकपणे दिलेली असते, की जणू कॅरलनेच ती सांगितली! ऑक्सफर्डचा मोठा कोश मात्र सावध आहे. या दोन शब्दांची छटा दिसते, एवढंच म्हणतो. (मला हा सावधपणा आवडतो.)

मूळ पुस्तक पाहिलं. त्यातलं पात्र हम्प्टी डम्प्टी जोडशब्दांची (दोन शब्द एकात मिसळून केलेल्या शब्दांची) कल्पना समजावतो खरा, पण फक्त कवितेच्या पहिल्या कडव्यापुरती. 'चॉर्टल' येतो सहाव्यात. 'द हंटिंग ऑफ द स्नार्क'च्या (1876) प्रस्तावनेत याच कवितेतल्या 'फ्रुमियस' शब्दाची फोड आहे, याची नाही. कवितेचा 1855चा मसुदा उपयोगाचा नाही, त्यात पहिलंच कडवं आहे.

ऑनलाइन शब्दकोशांचे दुवे कृपया नकोत, ते एकमेकांवरूनच उतरवलेले वाटतात. छापील पुस्तक असेल तर पान क्रमांक द्या, ग्रंथालयात जाऊन बघेन. इंग्रजी मजकूर चालेल.

कॅरलच्या पत्रांत, रोजनिशीत किंवा एखाद्या सटीप आवृत्तीत त्याने स्वतः 'चॉर्टल'बद्दल काही लिहिल्याचं कुणाच्या वाचनात आलंय का? की ही फोड नंतरच्या कोशकारांचीच?